तीरकमठा: सराव, बाणाची जुळणी आणि नेम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न आम्ही बसून शोधून काढलेले नाहीत. मैदानावर, फोनवर, बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर तेच ते विचारलं जातं, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. बहुतेक जण विचारतात नेमाबद्दल आणि दोष निघतो बाणात. त्यामुळे नेमाचा भाग मुद्दाम मागे ठेवला आहे. सगळं उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

१. शिकायला बांबूचं धनुष्य घ्यावं की बाजारातलं लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य)?

जे हाताशी आहे ते घ्या. बांबूचं स्वस्त पडतं, गावात दुरुस्त होतं, आणि स्पर्धांमधला 'इंडियन राउंड' हा प्रकार त्याच्यावरच खेळला जातो. त्यात मोठ्या गटाला ३० आणि ५० मीटर ही अंतरं असतात. रिकर्व्हची मूठ मधोमध कापलेली असते, त्यामुळे बाण निवडताना डोकेदुखी कमी होते (का, ते प्रश्न ८ मध्ये). एवढाच मोठा फरक.

कंपाउंडचे, म्हणजे कप्प्यांच्या धनुष्याचे, व्हिडिओ पाहून बांबूवर प्रयोग मात्र करू नका. नागपूरचा ओजस देवतळे आणि बुलढाण्याचा प्रथमेश जवकार यांनी २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मासोबत सांघिक सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून पोट्टे त्यांचीच नक्कल करतात. करावी, पण उभं राहण्याची करावी, श्वासाची करावी, बाण सुटल्यावरही हात जागेवर ठेवतात त्याची करावी. त्यांच्या धनुष्याला कप्प्या असतात, नेम धरायची साइट असते, दोरीत डोळ्यासमोर पीप म्हणजे पाहायचं छिद्र असतं. त्यांची नेमाची रीत आपल्या कामाची नाही.

२. किती पौंडांचं धनुष्य घेऊ? माझी तब्येत चांगली आहे, ४५ चालेल ना?

पौंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. तब्येतीचा इथे फारसा संबंध नाही. दोरी ओढतात ते पाठीचे स्नायू, आणि नांगर धरणाऱ्याच्याही पाठीला हे काम नवीनच असतं. मोठ्या माणसाने २० ते २५ पौंडांनी सुरुवात करावी, मुलांनी त्याहून कमी. पूर्ण ओढून दहा सेकंद न थरथरता थांबता येत नसेल, तर ते धनुष्य सध्या तुमचं नाही.

धनुष्यावर लिहिलेला आकडा बहुधा २८ इंच ओढीचा, म्हणजे दोरी तेवढी खेचल्यावरचा, असतो. तुमची ओढ किती, ते काढायला दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि २.५ ने भागा. १६५ सेंमी आले तर ओढ ६६ सेंमी, म्हणजे २६ इंच. इंचामागे साधारण दोन ते अडीच पौंड कमी होतात, म्हणजे ३० पौंडांचं धनुष्य तुमच्या हातात पंचविशीचं ठरतं.

गावठी धनुष्यावर आकडाच नसतो. कापूस मोजायचा हुकाचा काटा घ्या, हूक दोरीत अडकवून तुमच्या ओढीपर्यंत खेचा आणि आलेल्या किलोंना २.२ ने गुणा. १२ किलो म्हणजे सव्वीस पौंडांच्या आसपास.

३. मी उजव्या हाताचा, पण नेम धरताना डावा डोळा मिटावासा वाटत नाही. काही दोष आहे का?

दोष नाही, तुमचा जोराचा डोळा डावा असेल. दोन्ही पंजांचा त्रिकोण करा, त्यातून लांबचा विजेचा खांब पाहा आणि एकेक डोळा मिटून बघा. ज्या डोळ्याने खांब त्रिकोणातच राहतो तो जोराचा. नवशिक्याने हात त्या डोळ्याप्रमाणे निवडावा, सवय आठवडाभरात बदलते. दहा वर्षं उजव्याने मारत असाल तर बदलू नका. नेम लावताना डावा डोळा किंचित झाका.

४. टार्गेट कशाचं बांधू? बाजारातलं फोमचं फार महाग आहे.

धानाची तणस. ओली नको, सुकी. वीत-दीड वीत जाडीच्या जुड्या नायलॉनच्या दोरीने घट्ट आवळा आणि एकावर एक रचून लाकडी चौकटीत ठोका. तणस मिळत नसेल त्या भागात खताच्या रिकाम्या गोण्यांत जुने कपडे आणि प्लास्टिक पिशव्या ठासून भरा, तेही उत्तम चालतं. सोयाबीनचं कुटार भरू नका. खाली बसतं आणि वरच्या अर्ध्यातून बाण आरपार जातात. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) तर अजिबात नको, बाणाची टोकं मोडतात.

जागा निवडताना टार्गेटच्या मागे काय आहे ते आधी पाहा. धुऱ्यावर उभं केलेलं टार्गेट आणि पलीकडे पायवाट, हे गावोगाव दिसतं आणि ते चालणार नाही. मागे मातीचा उंच बांध किंवा गोदामाची दारं-खिडक्या नसलेली भिंत हवी. बाण आणायला सगळे एकदम जातील, एकदमच परततील. एकाने 'थांबा' म्हटलं की दोऱ्या खाली.

५. दोरी किती घट्ट हवी?

दोरी चढवल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. घट्ट-सैल ठरतं ते याच्यावर. जुनं माप असं: मूठ वळून धनुष्याच्या मुठीवर ठेवा आणि अंगठा वर करा, अंगठ्याचं टोक दोरीला लागलं पाहिजे. हे सहा-सात इंच होतं आणि सरळ बांबूच्या धनुष्याला तेवढं पुरतं. रिकर्व्हला साधारण सात ते साडेआठ इंच.

अंतर वाढवायला दोरीला पीळ द्या, कमी करायला सोडवा. एकावेळी चार-पाच पीळ, मग तीन बाण मारा आणि कान द्या. ज्या जागी आवाज सगळ्यात बसका येतो आणि हाताला झटका कमी बसतो, ती तुमची जागा. पट्टीवर खूण करून वहीत लिहून ठेवा. नवी दोरी पहिले काही दिवस लांबते, त्यामुळे रोज मोजा. ही जागा हलली की प्रश्न १० मधली खूणही पुन्हा तपासावी लागते.

६. दोरी अंगठ्याने ओढायची की नाही? आमच्याकडे म्हातारे लोक अंगठा लावतच नाहीत.

म्हातारे बरोबर आहेत. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली, किंवा तिन्ही बोटं खाली, अंगठा मिटलेला. तिन्ही बोटं खाली ठेवली की बाण डोळ्याच्या जवळ येतो आणि जवळच्या अंतरावर नेम सोपा होतो. कुठलीही रीत धरा, पण महिना-दोन महिने बदलू नका. बोटांना चामड्याचं टॅब लावा. रक्त निघालं की माणूस दोरी नीट सोडत नाही, झटकतो.

ओढलेली दोरी चेहऱ्यावर दर वेळी एकाच ठिकाणी टेकली पाहिजे. तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला, ही सोपी खूण. ही जागा अर्धा इंच सरकली तर पुढची सगळी उत्तरं निकामी ठरतात.

७. धनुष्य स्वतः बनवायचं आहे. कोणता बांबू?

मानवेल. तो भरीव असतो आणि वाकून पुन्हा सरळ होतो. कटांग पोकळ आणि जड, त्याची टोपली-शिडी करा. तीन वर्षांवरचा, पाऊस संपल्यावर कापलेला बांबू घ्या आणि सावलीत आडवा टांगून काही महिने सुकू द्या. उन्हात टाकला तर फाटतो.

चिरायला बुरुडाकडे न्या, त्याचा हात आपल्यापेक्षा सरळ चालतो. कामटीची (चिरलेल्या पट्टीची) हिरवी चकचकीत पाठ धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवायची आणि तिला कानसही लावायची नाही. सगळा ताण तीच घेते. तासायचं ते फक्त पोटाकडून. गाठीपाशी कमी तासा. थोडं तासलं की दोरी सैल चढवून भिंतीवरच्या खुंटीवर अडकवा आणि हळूहळू ओढून दोन्ही पाती (मुठीच्या वरचा आणि खालचा भाग) सारखी वाकतात का ते लांबून पाहा. जिथे पातं ताठ दिसतं तिथेच तासायचं, वाकतं तिथे हात लावायचा नाही. काचेचा तुकडा शेवटच्या हातासाठी कानशीपेक्षा चांगला. एक बोट वर, दोन खाली अशी पकड असेल तर खालचं पातं किंचित ताठ ठेवतात. तिन्ही बोटं खाली असतील तर दोन्ही सारखी.

बांबू आणायचा कुठून, हाही प्रश्न येतोच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर, म्हणजे आपल्या वावरात लावलेला बांबू वन कायद्यात झाड मानला जात नाही. जंगलातला मात्र विचारूनच. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेला विचारा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला आणि बांबू विकण्याचा अधिकार त्यांनी भांडून घेतला, तेव्हा तिथे हे लोकांना चांगलंच पाठ आहे.

८. सर, माझा बाण दर वेळी डाव्याच बाजूला जाते. काहून?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर.

आधी डोळा तपासा (प्रश्न ३). मग दोरी सोडताना हात चेहऱ्यापासून बाहेर झटकला जातो का, ते मित्राला मागून मोबाइलवर टिपायला सांगा. ही दोन्ही कारणं नसतील तर बाण बहुधा धनुष्याच्या मानाने कडक आहे.

दोरी सुटली की बाण सरळ जात नाही. दोरीचा धक्का मागून बसतो, मधली काडी वाकते, आणि ती मुठीला वळसा घालून पुढे सरळ होते. काडी फार कडक असेल तर वाकतच नाही, मुठीच्या बाजूने डावीकडे ढकलली जाते. फार मऊ असेल तर जास्त वाकून उजवीकडे जाते. बांबूच्या धनुष्याला मूठ मध्ये कापलेली नसते, बाणाला सगळ्या जाडीला वळसा घालायचा असतो. म्हणून त्याला रिकर्व्हपेक्षा मऊ बाण लागतो. दुकानातून 'चांगले, मजबूत' बाण आणून बांबूवर लावले की डावीकडे जाणारच.

तपासायला एका बाणाची पिसं काढा. दहा-बारा मीटरवरून आधी तीन पिसांचे बाण, मग तो बिनपिसांचा. पिसं चूक झाकतात, बिनपिसांचा सांगून टाकतो. पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर कडक, उजवीकडे लागला तर मऊ. एका बाणावर निकाल देऊ नका. पाच-सहा वेळा तेच आलं तरच माना.

कडक निघाला तर उपाय सोपे आहेत. काडी थोडी लांब ठेवा, टोक जड लावा, किंवा काडीला मधोमध सारखा सँडपेपर फिरवून बारीक करा. मुठीवर बाण घासतो तिथलं चामडं जाड असेल तर पातळ लावून पाहा. एकावेळी एकच बदल. दोन केले तर कोणत्यानं फरक पडला ते कधीच कळणार नाही. मऊ निघाला तर उलट: काडी अर्धा अर्धा इंच कापा, टोक हलकं करा.

९. बाणाचा कडकपणा घरी मोजता येतो का?

येतो. भिंतीवर ६६ सेंमी (२६ इंच) अंतरावर दोन खिळे मारा, बाण त्यावर आडवा ठेवा, मधोमध ९०७ ग्रॅम (दोन पौंड) वजन टांगा. काडी किती सेंमी खाली वाकली ते मोजा आणि ६६ ला त्याने भागा. २ सेंमी वाकली तर ३३ पौंडांची काडी, १.६५ वाकली तर ४० ची. बांबूच्या धनुष्याला प्रश्न २ प्रमाणे तुमच्या ओढीवर जेवढे पौंड येतात तेवढ्याची किंवा किंचित कमीची काडी घेऊन सुरुवात करा.

बांबूची काडी फिरवून पुन्हा मोजा, एका बाजूने वेगळाच आकडा येईल. कडक बाजू दर बाणात एकाच अंगाला राहील अशी खाच पाडा. सहा बाणांचा संच करताना वजनही जुळवा. किराणा दुकानातला काटा इथे चालत नाही, सोनाराचा मागा. हलका बाण धनुष्याला मारतो: ओढीच्या दर पौंडामागे निदान आठ-दहा ग्रेन वजन हवं. ३० पौंडांना ३०० ग्रेन, म्हणजे १९ ग्रॅमच्या वर.

१०. बाण मासोळीसारखा वरखाली हलत जातो.

खाच दोरीवर चुकीच्या उंचीला बसते आहे. मुठीवरच्या टेकूपासून दोरीवर काटकोन धरा आणि त्याच्या साधारण अर्धा इंच वर दोऱ्याचे वेढे देऊन खूण बांधा. बाण तिच्या खाली लावायचा. मग प्रश्न ८ मधलीच बिनपिसांची चाचणी, फक्त आता वरखाली पाहायचं. बिनपिसांचा खाली लागला तर खूण फार वर आहे, खाली सरकवा. वर लागला तर वर सरकवा. वरखालीचं आधी मिटवा, डाव्या-उजव्याचं नंतर.

११. नेम नक्की कुठे धरायचा? टोक मध्यावर ठेवलं तर बाण वर जातो.

जायलाच हवा. डोळा बाणाच्या वर असतो, त्यामुळे जवळच्या अंतरावर टोक मध्यावर दिसत असताना बाण प्रत्यक्षात वर तोंड करून असतो. एका ठरावीक अंतरावर मात्र टोक मध्यावर ठेवलं की बाण मध्यातच लागतो. त्याला पॉइंट-ऑन म्हणतात. प्रत्येकाचं वेगळं असतं. धनुष्य, बाण आणि चेहऱ्यावरची जागा यांवर ते ठरतं.

ते शोधायला मोठ्या टार्गेटच्या खालच्या भागात नाण्याएवढी खूण करा. १०, १५, २०, २५, ३० मीटरवरून, टोक दर वेळी त्याच खुणेवर ठेवून सहा-सहा बाण मारा आणि त्या सहा बाणांचा गट खुणेच्या किती वर बसला ते वहीत लिहा. तेवढंच खाली धरायचं. हीच गॅपची पद्धत. आकडे पाहून पुष्कळ जण गोंधळतात, कारण ते सरळ रेषेत वाढत नाहीत. पॉइंट-ऑन ४० मीटर असेल तर फरक साधारण २० च्या आसपास सगळ्यात मोठा निघतो आणि पुढे पुन्हा कमी होत जातो. वही चुकलेली नाही. पॉइंट-ऑनच्या पलीकडे, समजा ५० वर, टोक टार्गेटच्या वर धरावं लागतं.

इंडियन राउंडमधल्या १२२ सेंमीच्या कागदावर पिवळा भाग २४.४ सेंमीचा असतो. फरक सेंमीत लक्षात ठेवण्याऐवजी 'एक पिवळा खाली', 'दीड पिवळा खाली' असा ठेवलात तर रेषेवर उभं असताना आठवतो.

१२. पण आमचे आजोबा टोकाकडे बघतच नव्हते, तरी लागायचं.

बरोबर. ती नजरेची रीत. नजर फक्त लक्ष्याच्या एका बारीक ठिपक्यावर आणि बाकी हाताला सोपवलेलं. पाच ते वीस मीटरवर, वेगवेगळ्या अंतरांवर भराभर मारायचं असेल तर ती गॅपपेक्षा सरस ठरते. तीस-पन्नासच्या ठरलेल्या अंतरावर गॅपच. आणि आजोबांच्या नजरेमागे हजारो बाण होते, हेही धरा. शिकायची असेल तर पाच मीटरवर, रिकाम्या टार्गेटवर, फक्त दोरी सुटण्याकडे लक्ष देऊन सुरू करा; कागद नंतर.

१३. बोटं दोरीवर खाली सरकवून नेम जुळवला तर चालतं का?

त्याला स्ट्रिंग वॉकिंग म्हणतात. बेअरबो, म्हणजे साइट नसलेल्या धनुष्याच्या, प्रकारात चालतं. आंतरराष्ट्रीय थ्रीडी (प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम धरायच्या) स्पर्धेतल्या पारंपरिक धनुष्याच्या गटात चालत नाही. सरावात हौसेनं करायचं असेल तर लक्षात ठेवा, बोटं खाली सरकली की दोन्ही पात्यांवरचा ताण बदलतो. हातानं बनवलेल्या बांबूच्या धनुष्यावर नकोच.

१४. सकाळी मध्यात लागणारे बाण दुपारी खाली का जातात?

बहुतेकदा दमलात म्हणून. ओढ नकळत अर्धा इंच कमी होते. मित्राला काडीवर ओढीची खूण पाहायला सांगा.

ओढ बरोबर असेल तर हवामान. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा जातो. टिनाच्या खोलीत दोरी चढवून ठेवलेलं धनुष्य थोड्याच दिवसांत त्याच वळणात बसतं आणि जोर कमी होतो. वापर झाला की दोरी उतरवा, धनुष्य आडवं ठेवा. पावसाळ्यात बांबू ओल धरतो, पिसं भिजून लोळतात. दोरीला मेण लावा, पिसांना टाल्क पावडर चोळा. वाऱ्याच्या दिवशी गट पाहा, मध्य पाहू नका.

१५. मुलानं बाण न लावता दोरी ओढून सोडली. आता?

दोरी उतरवा. पाती उजेडात बोटांनी आणि कापसाने चाचपा. कापूस जिथे अडकतो तिथे चीर आहे. चीर असेल तर धनुष्य भिंतीवर टांगायला ठेवा, दोरी पुन्हा चढवू नका. काडीचंही हेच: मारण्याआधी प्रत्येक बाण किंचित वाकवून कान लावा. कडकड आवाज आला तर मोडून टाका, म्हणजे दुसरं कोणी उचलणार नाही. चिरलेली काडी हातात घुसते.

१६. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) वावर खातात. तीर मारला तर काय होईल?

गुन्हा होईल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये मारण्याचा प्रयत्नसुद्धा शिकार धरला जातो, आणि शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन आहे. त्यामुळे अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्यानं सरावाला जातानाही तीरकमठा सोबत नेता येत नाही. लेखी परवानगी लागते. लांबचा रस्ता धरा. पिकाच्या नुकसानीसाठी वन विभागाकडे अर्ज करा आणि पंचनाम्याआधी फोटो काढून ठेवा.

१७. यातून पोरीला नोकरी लागेल का?

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या स्पर्धेतलं कोणतं पदक धरतात त्याचे नियम आहेत आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. जिल्हा क्रीडा कार्यालयात आधी विचारा, मग स्पर्धेची फी भरा. गुण दिसत असेल तर क्रीडा प्रबोधिनीची (राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्राची) निवड चाचणी द्या. साताऱ्याकडच्या शेतमजुराच्या घरातला प्रवीण जाधव अमरावतीच्या प्रबोधिनीत तिरंदाजी शिकला आणि टोकियो ऑलिंपिकला खेळला. मुलीला छातीचं गार्ड आणि हाताचं गार्ड पहिल्या दिवसापासून द्या. दोरीचा फटका बसला की मन घाबरतं, आणि ते निघायला वेळ लागतो.

१८. टोक मध्यावर यायच्या आतच बोटं सुटतात. कितीही ठरवलं तरी.

हे चांगल्या चांगल्यांना होतं. कागद काढून टाका. तीन मीटरवर नुसत्या तणशीवर, ओढा, पाच मोजा, आणि न सोडता हळूच परत आणा. चार वेळा परत आणायचं, पाचव्या वेळी सोडायचं. धनुष्य जड असेल तर हलकं घ्या, बऱ्याचदा मूळ तिथेच असतं. गुण मोजणं काही आठवडे बंद.

१९. बिनपिसांचा बाण उजवीकडे लागतो, म्हणून काडी कापत गेलो. आता आणखीच उजवीकडे जातो. चाचणी खोटी आहे का?

चाचणी खरी आहे, वाचन फसलं. काडी मुळातच कडक होती. ती न वाकता मुठीवर आदळते आणि उसळी खाऊन उजवीकडे जाते, म्हणजे मऊ असल्याचं सोंग आणते. कापल्याने ती आणखी कडक झाली, उसळी वाढली.

ओळखायला पिसांवर आणि काडीच्या मागच्या वीतभर भागावर टाल्क पावडर फासा आणि एक बाण मारा. मुठीच्या बाजूला पांढरा पट्टा उमटला तर बाण आपटतोय. आवाजही येतो, 'टक्' असा, दोरीच्या आवाजापेक्षा वेगळा. आपटणारा बाण उजवीकडे लागो की डावीकडे, त्यावरून काही ठरवू नका. आधी प्रश्न ९ प्रमाणे मोजून निश्चित मऊ असलेली, न कापलेली लांब काडी घ्या, पावडर लावून आपटणं बंद झाल्याची खात्री करा आणि मग तिथून अर्धा अर्धा इंच कापत या. कापलेल्या काड्या फेकू नका, घरातल्या लहान मुलांची ओढ कमी असते. टोक जड लावून मोजून पाहा, त्यांच्या हलक्या धनुष्याला एखादी जुळेल.